मेन पाडून बघू

"आत काही चालू आहे का हो काका?" मेन स्विचवर हात ठेवून मेकॅनिक विचारतो.

"असलं चालू तर काय होतंय? इन्व्हर्टर आहे ना," स्टुडिओवाले काका म्हणतात, आणि मेकॅनिक मेन पाडतो.

पंखा जरा मंदावतो, पुन्हा वेग घेतो. ट्यूब एकदा लुकलुकते. जिन्याखालच्या इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा जागच्या जागी आहे. 'बघा, आहे की नाही' अशा नजरेनं काका माझ्याकडे वळतात, तोच आतल्या खोलीतून त्यांच्या मुलीचा आवाज येतो, "बाबा! कॉपी चालली होती!"

आम्ही सगळे आत जातो. कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतोय. टेबलावर वायरीनं जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क, शेजारी कॅमेऱ्याचं कार्ड. परवाच्या गुहागरच्या लग्नाचं शूटिंग त्या डिस्कवर चाललं होतं. विंडोज वर आल्यावर मुलगी फोल्डर उघडते. शेवटच्या व्हिडिओचं नाव दिसतं. साईझही पूर्ण दिसते. काका सुटकेचा श्वास टाकतात. ती फाईलवर क्लिक करते. काही उघडत नाही.

"आली वाटलं ना? हे नुसतं नाव आलंय," ती म्हणते. कॉपी सुरू करतानाच विंडोज फाईलची जागा अडवून ठेवतं आणि मग आत माल भरत जातं. मधेच लाईट गेली की जागा अडवलेली राहते, माल नसतो. यादी बघणाऱ्याला सगळं जागेवर दिसतं.

"कार्ड पुसलं नाहीस ना?" काका हळूच विचारतात.

"नाही अजून. उघडून बघितल्याशिवाय मी कार्ड पुसत नाही."

काका यावर काहीच बोलत नाहीत. ते स्वतः काय करतात हे त्या गप्प राहण्यातून मला कळतं.

चिपळुणात मे संपत आला की इन्व्हर्टरवाल्यांना जेवायची फुरसत नसते. वळवाच्या पहिल्या गडगडाटाला लाईट जाते आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या बॅटऱ्यांची आठवण गावाला एकदम होते. यात एक गंमत आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येतं, पोफळी-कोळकेवाडीला वीज करतं आणि मग वाशिष्ठीत सोडलं जातं. प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. राज्याला उजेड देऊन झालेलं पाणी या गावाच्या कडेनं वाहतं, आणि गाव मेणबत्त्या शोधत असतं.

मेकॅनिक इन्व्हर्टर पुढे ओढतो आणि मागचा छोटा खटका दाखवतो. एका बाजूला नॉर्मल, दुसऱ्या बाजूला यूपीएस. खटका नॉर्मलवर आहे. "पंख्या-दिव्याला हे चालतं. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला हा जो वेळ घेतो तो तुम्हाला डोळ्यांनी कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो." कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय साधारण १५-२० मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडवर बदल १० मिलिसेकंदांच्या आसपास होतो, नॉर्मलवर त्याच्या तिप्पट-चौपट वेळ जाऊ शकतो. तो खटका सरकवतो, पण लगेच बजावतो, "आता संध्याकाळी व्होल्टेज पडलं की हा लवकर बॅटरीवर जाईल. फुकट काही नाही हां काका."

एवढ्यात जिन्याखालून टीं-टीं सुरू होतं. मेन पाडून दहा मिनिटंही झालेली नाहीत.

"झालं?" काका चकित. "चार तास चालतो हा!"

"शेवटचा चार तास कधी चालवलात?"

काका आठवायला लागतात. मेकॅनिक मेन वर करतो, इन्व्हर्टर बंद करतो आणि मल्टीमीटरच्या पिना बॅटरीला लावतो. १२.५. आकडा बघून काकांचा जीव भांड्यात पडतो. मग तो इन्व्हर्टर सुरू करून पुन्हा मेन पाडायला सांगतो, या वेळी आतून होकार आल्यावरच. पंखे, दिवे, कॉम्प्युटर, सगळा लोड बॅटरीवर येतो आणि आकडा आमच्या डोळ्यांदेखत उतरायला लागतो. ११.६, ११.२, १०.९. साडेदहाच्या आसपास इन्व्हर्टर स्वतःहून हात वर करतो, आणि तिथे पोचायला आता फार वेळ नाही. रिकामी बसलेली बॅटरी ठणठणीत दिसते. तिची तब्येत कळते ती वजन उचलायला लावल्यावर.

बॅटरी १५० एएचची ट्युब्युलर आहे. कागदावर १५० गुणिले १२, म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातलं सगळं वापरायचं नसतं, खोलवर उपसली तर बॅटरीचं आयुष्य घटतं, आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. मेकॅनिक हजार-बाराशे धरतो. कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोनशे, दोन पंखे दीडशे, दिवे, राउटर... नवी बॅटरी असती तरी चार तास निघाले नसते. हिशेब चाललेला असताना वरून घरघर ऐकू येते.

"मिक्सर?" मेकॅनिक मान वर करतो.

"काकू, लाईट नाहीये हो!"

"आहे की," वरून उत्तर येतं. "त्या कोपऱ्यातल्या पॉइंटला येते."

त्या कोपऱ्यातला पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर कोणी घेतला याची चौकशी होते. सगळी बोटं एका परगावी गेलेल्या पुतण्याकडे जातात.

मेन पुन्हा वर होतो. आता बॅटरीची झाकणं. मदतनीस पोरगा मोबाईलचा टॉर्च धरतो. काका खिशातून लायटर काढत होते, तर मेकॅनिकनं त्यांचा हात धरला. चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्क्यांच्या वर साचला की एक ठिणगी पुरते, आणि ही बॅटरी तर दार लावलेल्या कपाटात आहे. दार उघडताच घशाला लागणारा आंबट, कुबट वास आला होता, तो मला आत्ता उमगतो. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी चढलेली आहे. सहापैकी दोन कप्प्यांत पाणी प्लेटांच्या खाली गेलंय.

"पाणी कुठलं घालता?"

"फिल्टरचं. स्वच्छ असतं."

"पिण्याला स्वच्छ. त्यात क्षार राहतात, ते प्लेटांवर बसतात. डिस्टिल वॉटरच घालायचं. आणि पाणीच. कोणी ॲसिड घाला म्हणालं तर त्याला घरात घेऊ नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं."

हायड्रोमीटरचा रबरी चेंडू दाबून तो एकेका कप्प्याची ग्रॅव्हिटी घेतो आणि पोरगा भिंतीवर खडूनं लिहितो. १२२०, १२१०, १२२०, ११२०, १२१५, १२२०. चौथ्या आकड्याखाली मेकॅनिक रेघ मारतो. सहा कप्पे एकामागोमाग जोडलेले, त्यातला एक खचला की बाकीचे पाच असून नसल्यासारखे. ही बॅटरी गेली. काका खडूच्या आकड्यांकडे बघत राहतात, मग इन्व्हर्टरवरच्या हिरव्या दिव्याकडे. त्याला या सगळ्याची काही गंधवार्ता नाही.

मला मात्र बॅटरीपेक्षा तिच्या वरचा फळकुटाचा कप्पा दिसतोय. त्यावर हार्ड डिस्का रचलेल्या आहेत, प्रत्येकीवर काकांच्या सुबक अक्षरात वर्ष. बॅटरीची वाफ थेट त्यांच्याकडे जाते.

"इथे का ठेवल्यात?"

काका भिंतीकडे बोट करतात. माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर ऑइलपेंटची एक आडवी रेघ आहे आणि शेजारी तारीख: २२ जुलै २०२१. "तेव्हा डिस्का टेबलाच्या खणात होत्या. पाणी भरायला लागल्यावर माणसं वर नेली, कॅमेरे नेले. खण राहिला. नंतर म्हटलं, निदान उंचावर ठेवू." हा उंचावरचा कप्पाही त्या रेघेच्या खालीच आहे, हे बोलता बोलता त्यांनाच दिसतं.

त्या वेळच्या डिस्कांचं काय झालं ते काकू सांगतात. त्या खोबऱ्याचं वाटण तसंच टाकून खाली आल्यात. चिखल पुसून डिस्का तीन दिवस उन्हात वाळवल्या, मग एकेक लावून बघितली. एकीतून टकटक आवाज आला, दोन काहीच बोलल्या नाहीत. मुंबईच्या रिकव्हरीवाल्यांनी नंतर सांगितलं, वाळवायला नको होत्या आणि वीज तर अजिबात द्यायला नको होती. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी एक बारीक भोक असतं. पुराचं पाणी तिथून आत जातं, वाळलं की गाळ तबकडीवर चिकटतो, आणि तबकडीपासून केसाहूनही कितीतरी बारीक अंतरावर तरंगणारं हेड त्या गाळावर आपटतं. भिजलेली डिस्क तशीच ओली, पिशवीत बंद करून न्यायची असते. चिपळूणकराला हे ऐकवताना जपून बोलावं लागतं. इथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत पाणी शिरलं. भिजलेलं ते वाळत घालायचं, हे या गावाच्या हाताला बसलंय.

बॅटरी आणि डेटा एकाच कपाटात, यावर मुलगी मोबाईलवर एक बातमी काढून बापापुढे धरते. दक्षिण कोरियातलं देजॉन शहर, २६ सप्टेंबर २०२५. सरकारच्या राष्ट्रीय डेटा केंद्रात यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या सर्व्हरपासून दूर, तळघरात हलवायचं काम चालू होतं. ते चालू असतानाच एक बॅटरी पेटली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रं ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची साठवण होती, ८५८ टेराबाइटची. ती जळाली, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"सरकारची?" काका विचारतात.

"सरकारची."

काकांना या बातमीनं धीर आल्यासारखा दिसतो.

"मग लिथियम नकोच म्हणायची?" काकूंचा प्रश्न. मेकॅनिक तसं म्हणत नाही. घरगुती इन्व्हर्टरला हल्ली जी लिथियम आयर्न फॉस्फेटची येते ती तुलनेनं शांत असते, वजनाला हलकी, पाणी घालायची कटकट नाही. किंमत मात्र बरीच चढी, आणि तिला तिचाच चार्जर लागतो. जुन्या इन्व्हर्टरला जशीच्या तशी जोडायची नाही. पाण्यात बुडाली तर पुन्हा सुरू करून बघायची नाही, आणि घरात तर ठेवायचीच नाही. काका बजेट सांगतात. ट्युब्युलर ठरते.

नवी बॅटरी टेम्पोतून उतरेपर्यंत शेजारच्या आइस्क्रीमवाल्यांचं बोलावणं येतं, "जनरेटर जरा बघून जा." आम्हीही मागोमाग जातो. छोटा पेट्रोल जनरेटर दुकानाच्या मागच्या बोळात, डोक्यावर पत्रा, तिन्ही बाजूंना भिंत. त्याच भिंतीत वरच्या मजल्याची खिडकी.

"वर कोण झोपतं?"

"आई."

मेकॅनिक खिडकीकडे बघतो, धुराड्याकडे बघतो. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. हा आज उघड्यावर जायला हवा, एवढंच तो म्हणतो. खरा भडका उडतो तो पुढे. जनरेटरला गुंडाळलेली एक वायर तो उचलतो, तर तिच्या दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप.

"ही कशाला?"

"लाईट गेली की एक टॉप जनरेटरला, दुसरा दुकानातल्या सॉकेटला. सगळं दुकान चालतं."

"आणि मेन?"

"मेन पाडतो की. बहुतेक वेळा."

"बहुतेक वेळा!" मेकॅनिकचा आवाज पहिल्यांदा चढतो. मेन पाडायचा राहिला तर दुकानातली वीज उलटी रस्त्यावरच्या तारेत जाते. तिथून डीपीत. जो ट्रान्सफॉर्मर अकरा हजाराची वीज उतरवून आपल्याला देतो, तोच उलट्या दिशेनं आपली वीज चढवून अकरा हजारांच्या तारेवर नेतो. लाईन बंद आहे असं समजून भर पावसात खांबावर चढलेल्या महावितरणच्या वायरमनला हे कळणार कसं? आणि एक टोक जनरेटरमध्ये असताना दुसऱ्या टॉपच्या उघड्या पिनांना दुकानातल्या पोराचा हात लागला तर? "तुमची वायर आहे, विचारतो. कापू का?" दुकानदार मान हलवतात. पक्कडीचा आवाज होतो आणि एक टॉप मेकॅनिकच्या खिशात जातो. चेंजओव्हर स्विच बसवायचं उद्यावर ठरतं.

परत येतो तर काका-काकूंचं बॅटरीच्या जागेवरून वाजलेलं. जिन्याखाली आता नको हे सर्वांना मान्य. माळ्यावर पन्नास किलोच्या वरचं धूड चढवायचं नाही. राहिली वरची मागची गॅलरी: हवा खेळती, ऊन थेट नाही, पागोळीपासून आत. पण तिथे काकूंचे पावसाळ्यात कपडे वाळतात.

"बॅटरी खाली ठेवा आणि वायर वर न्या," काका तोड सुचवतात.

"बॅटरीची वायर जेवढी लांब तेवढं नुकसान. बॅटरी आणि इन्व्हर्टर हातभर अंतरावरच हवेत. दोन्ही वर, खाली फक्त आउटपुट आणायचं."

कपड्यांची दोरी हलते. जुनी बॅटरी सोडवण्याआधी मेकॅनिक हातातली अंगठी आणि घड्याळ काढून पोराकडे देतो, पान्याला टेप गुंडाळलेली आहे की नाही बघतो आणि निगेटिव्ह आधी सोडतो. दोन टर्मिनलांवर आडवा पडलेला पाना लाल होऊन वितळायला लागतो, हे त्यानं उमेदवारीत बघितलंय. अंगठी असलेलं बोटही. बॅटरी दोघं उभीच उचलतात, वाकडी होऊ देत नाहीत. काकू सोड्याचं पाणी घेऊन मागे उभ्या.

तोवर मुलगी आत टेबल आवरतेय. त्यात एक न फोडलेलं पाकीट सापडतं: गेल्या वर्षी आणलेल्या छोट्या यूपीएसची यूएसबी केबल. तो यूपीएस टेबलाखाली पाय ठेवायला वापरात आहे. इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटरच्या मधे तो लावायचा, ही केबल जोडायची, की बॅटरी संपत आल्यावर कॉम्प्युटर कोणी नसतानाही स्वतःहून नीट बंद होतो. मला वाटतं, या केबला घरोघरी अशाच पाकिटात असतील. यूपीएस म्हणजे काम चालू ठेवायचं यंत्र, अशी आपली समजूत. सेव्ह करून बंद करायला मिळालेली ती दहा मिनिटं आहेत.

कोपऱ्यातल्या दोन डिस्कांच्या डब्यावर काकांची भिस्त मोठी आहे. "एक गेली तर दुसरीत सगळं असतं. आपोआप." मुलगी त्यावर एक रिकामं फोल्डर बनवते, बापाला दाखवते आणि पुसते. ते दोन्ही डिस्कांवरून एकदमच जातं. तो डबा एक डिस्क बिघडण्यापासून वाचवतो. चुकून पुसलं, पैसे मागणारा व्हायरस शिरला, वीज कोसळली, पाणी आलं, तर दोन्ही जुळ्या एकाच वाटेनं जातात.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम तिला तोंडपाठ आहे. तो रुजवणारा पीटर क्रोग हा अमेरिकन छायाचित्रकार, फोटोवाल्यांसाठी फाइलींची व्यवस्था लावणारं पुस्तक लिहिलेला माणूस. हे ऐकल्यावर काकांचा विरोध मावळतो. कॉम्प्युटरवाल्याचं त्यांनी ऐकलं नसतं.

"मग ते क्लाउडवर टाकून दे ना सगळं."

"दोन टेराबाइट आहे बाबा. आपलं अपलोड दहा एमबीपीएस. अठरा दिवस अठरा रात्री लागतील, लाईट एकदाही गेली नाही तर."

काका हसतात. निवडलेले अल्बम वर जातील, कच्चं शूटिंग डिस्कवर राहील असं ठरतं. शिवाय मोठी लाईट गेली की केबलवाल्याची बॅटरी संपते, मग टॉवरची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वर मंडणगड-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा ढगात ठेवलेलं खाली कसं आणायचं?

घराबाहेरची प्रत ठेवायची कुठे, यावर पुन्हा संसद भरते. खेर्डीला आत्याकडे? तिथेही पाणी आलं होतं. मग कुंभार्ली घाट चढून कराडला, मामाकडे.

"कराडला पूर येत नाही होय?" जिन्यावरून मेकॅनिक. "कृष्णा-कोयनेचा संगम आहे तिथे."

"मामा मलकापूरला राहतो. तिसऱ्या मजल्यावर."

मेकॅनिक मलकापूर मंजूर करतो.

मुलगी नव्या डिस्कवर कॉपी लावते आणि संपल्यावर यादी बघत नाही. मधलंच एक वर्ष, मधलंच एक लग्न, मधलाच एक व्हिडिओ उघडून सुरू करते. सनई वाजते. आणखी दोन उघडते. मग डिस्क इजेक्ट करून वायर काढते, कारण जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसला कॉम्प्युटरचाच भाग वाटते. काका डिस्कवर वर्ष लिहितात. ती त्यांच्या हातातून पेन घेऊन खाली दुसरी तारीख घालते: उघडून बघितल्याची.

वरून पाना आपटल्याचा आणि मग मेकॅनिकचा आवाज येतो, नवी बॅटरी जोडली, आज रात्रभर चार्ज होऊ दे, उद्या मेन पाडून बघू. तो खाली येतो तेव्हा जुन्या बॅटरीच्या भावावरून घासाघीस सुरू होते. काकांना ती भंगारवाल्याला द्यायचीय, तो जास्त देतो. मेकॅनिक म्हणतो, भंगारवाला ॲसिड गटारात ओततो आणि शिसं विकतो; २०२२ च्या नियमांप्रमाणे ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत ठिकाणीच जायला हवी, म्हणून दुकानात परत द्या, आणि किंमत तर बिलातून वळती केलीच आहे. काका शंभर रुपये अजून कमी करून घेतात.

"पावती जपा, वॉरंटीला लागेल," बॅटरी टेम्पोत चढवताना मेकॅनिक सांगतो. "आणि हा थर्मल कागद आहे हां काका, वर्षभरात अक्षर उडतं. फोटो काढून ठेवा."

काका फोन काढतात, पावती टेबलावर सरळ करतात, प्रकाश बघतात, सवयीनं दोन काढतात.

"आता हा कुठे ठेवू गं?" ते आत ओरडून विचारतात.